गुणी, पण अवघड माणूस

वाचकहो, या पृष्ठांवर बास्केटबॉलविषयी काही वाचावयास मिळेल अशी आपली अपेक्षा नसेल. हा विषय घेऊन आपल्यापुढे येण्याची माझीही कल्पना नव्हती. परंतु एका अमेरिकन संघाने 2017 साली आपल्या सर्वांत गुणी खेळाडूला ज्या रीतीने निरोप दिला, त्या घटनेने माझ्या मनात एक प्रश्न रुतून बसला आहे, आणि तो केवळ खेळाचा नाही. जो माणूस आपल्यांत सर्वांहून अधिक गुणवान आहे, परंतु ज्याच्यामुळे घरात शांती राहत नाही, त्याला ठेवावे की जाऊ द्यावे? आणि जाऊ द्यावयाचे ठरलेच, तर ते कोणत्या तोंडाने?

हकीकत आधी सांगतो. माझा भाचा नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियात राहतो. त्या राज्याच्या राजधानीचा, सॅक्रामेंटोचा, 'किंग्ज' नावाचा व्यावसायिक बास्केटबॉल संघ आहे आणि भाचा त्या संघाचा भक्त आहे. भक्त म्हणण्याचे कारण असे, की एन. बी. ए. या अमेरिकेतील प्रमुख स्पर्धेत हा संघ 2006 नंतर सलग 16 हंगाम बाद फेरीत पोहोचू शकला नव्हता. त्या स्पर्धेच्या इतिहासात इतका दीर्घ वनवास दुसऱ्या कोणत्याही संघाच्या वाट्यास आलेला नाही. असा संघ ज्याला प्रिय वाटतो, त्याची श्रद्धा मोठीच म्हणावयाची. फेब्रुवारी 2017 मधील एका सोमवारी सकाळी त्याचा फोन आला. आवाज कापत होता. "मामा, कझिन्सला ट्रेड केलं," तो म्हणाला. माझी थोरली बहीण, म्हणजे त्याची आई, त्या वेळी आमच्याकडेच राहावयास आली होती. तिने शेजारून विचारले, "काय केलं म्हणतोय?" तेव्हा तो तिला म्हणाला, "आई, विकलं गं त्याला."

माझा व्यवसाय शब्दांची निवड करण्याचा. भाषांतर करताना एका शब्दावर आठवडा घालविण्याची सवय जडलेली. त्यामुळे त्या खेळाडूपेक्षा आधी त्या शब्दाकडेच माझे लक्ष गेले. 'ट्रेड' म्हणजे नक्की काय? 'विकणे' म्हणावे, तर येथे पैसे घेऊन माणूस दिलेला नाही. एका संघाने एक खेळाडू देऊन दुसऱ्या संघाचे काही खेळाडू घेतलेले असतात. 'अदलाबदल' म्हणावे, तर तो शब्द भांड्यांना शोभतो. 'बदली' हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा. आपल्या पाळकांची होते, शिक्षकांची होते, तशी. वरून पत्र येते, सामान बांधावयाचे, नव्या गावी जावयाचे. संमती कोणी विचारीत नाही. या खेळातही, अगदी मोजक्या ज्येष्ठ खेळाडूंचा अपवाद सोडला, तर संमती विचारली जात नाही. परंतु बदली झालेला पाळक त्याच मंडळीच्या सेवेत राहतो. येथे मात्र कालपर्यंतचे घर उद्यापासून प्रतिस्पर्धी होते. नेमका शब्द मला अद्याप सापडलेला नाही. 'सोडून देणे' हाच त्यातल्या त्यात प्रांजळ वाटतो.

आता तो खेळाडू. डेमार्कस कझिन्स हा अलाबामा राज्यातील मोबील या गावचा. केंटकी विद्यापीठाकडून एक वर्ष खेळून तो 2010 साली किंग्ज संघात आला, तेव्हा त्याचे विसावे वर्षही पूर्ण झालेले नव्हते. एन. बी. ए. मध्ये दरवर्षी नव्या खेळाडूंची निवड होते आणि हरणाऱ्या संघांना त्यात आधी निवडण्याची संधी मिळते. त्यामुळे दुबळे संघ 'पुनर्बांधणी' नावाचा मार्ग धरतात: जुनी माणसे सोडावयाची, कोवळी घ्यावयाची, आणि पुढे कधीतरी सुगी येईल या आशेवर काही वर्षे पराभव गिळावयाचे. किंग्ज त्याच मार्गावर होते आणि पाचव्या क्रमांकाच्या निवडीत त्यांच्या हाती हे रत्न लागले. सात फुटांना एखादाच इंच कमी, देह धिप्पाड, पण हात एखाद्या लहान चणीच्या खेळाडूसारखे मऊ आणि चपळ. लक्षात घ्या, बास्केटबॉलमध्ये एका वेळी संघाचे पाचच खेळाडू मैदानात असतात. क्रिकेटच्या अकरांत एकट्याला जे वजन येत नाही, ते येथे येते. 2016-17 च्या हंगामात किंग्जकडून खेळलेल्या 55 सामन्यांत कझिन्सने सरासरी 27.8 गुण आणि 10.6 रिबाउंड मिळविले. त्या काळातील सर्वोत्तम सेंटरमध्ये त्याची गणना होत होती. 2016 साली रिओ येथे ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकणाऱ्या अमेरिकन संघातही तो होता.

आणि त्याच माणसाची दुसरी बाजू. पहिल्याच वर्षी पराभवानंतर सहकाऱ्याशी हाणामारी. डिसेंबर 2012 मध्ये प्रशिक्षकाशी वाद घातला म्हणून संघाकडूनच निलंबन. 2015 साली खेळाडूंच्या खोलीत सर्वांसमक्ष मुख्य प्रशिक्षकाला शिवीगाळ. डिसेंबर 2016 मध्ये एका वार्ताहराच्या अंगावर धावून गेल्याबद्दल 50 हजार डॉलर दंड. पंचांशी हुज्जत घातली की 'टेक्निकल फाऊल' दिला जातो. एका हंगामात असे 16 झाले की एका सामन्याची बंदी येते. फेब्रुवारी 2017 च्या आरंभी, हंगामाचे दोन महिने शिल्लक असतानाच, कझिन्सने तोही आकडा गाठला होता. मात्र याच माणसाने 2015 साली, सॅक्रामेंटोत गोळीबारात मृत्यू पावलेल्या एका शाळकरी खेळाडूच्या अंत्यविधीचा खर्च उचलला. त्या शहरातील गरीब वस्त्यांत त्याच्याविषयी वाईट बोलणारा माणूस सापडणे कठीण, असे माझा भाचा सांगतो. हे दोन्ही एकाच माणसाविषयी खरे आहे.

19 फेब्रुवारी 2017 रोजी न्यू ऑर्लीन्स येथे निवडक खेळाडूंचा वार्षिक प्रदर्शनी सामना होता आणि कझिन्स त्यात होता. सामन्यानंतर वार्ताहरांशी बोलत असतानाच ही कुणकुण त्याच्या कानी आली. त्याच शहराच्या पेलिकन्स संघाला तो देण्यात आला होता. त्याच्यासोबत ओम्री कास्पी गेला. मोबदल्यात किंग्जना बडी हील्ड हा पहिल्या वर्षाचा नेमबाज, आणखी दोन खेळाडू आणि दोन नव्या खेळाडूंच्या निवडीचा हक्क मिळाला. सौदा पदरात फारसा लाभाचा नव्हता. दोनच दिवसांपूर्वी याहून चांगला प्रस्ताव आपल्यापाशी होता, असे संघाचे व्यवस्थापक व्लादे दिवाच यांनी स्वतःच सांगून टाकले. थोड्याच दिवसांपूर्वी याच संघाने त्याला सोडण्याचा विचार नाही असे जाहीर केले होते. स्वतः कझिन्सला तेथेच राहावयाचे होते. येत्या उन्हाळ्यात तो ज्या पाच वर्षांच्या, सुमारे 20 कोटी डॉलरांच्या कराराला पात्र ठरणार होता, ती पात्रताही संघ बदलताच गेली.

भाचा संतापला होता. त्याचे म्हणणे, असा खेळाडू पन्नास वर्षांत एकदा येतो, त्याला सांभाळावयाचे सोडून हाकलले. माझ्या बहिणीने फोन हातात घेऊन त्याला एकच वाक्य ऐकविले: "घरात रोज भांडण लावणारा कितीही कमावता असला, तरी त्याच्या पगारावर कोणाला घास गोड लागतो का?" मला त्या दिवशी दोघांचेही पटले, आणि त्यामुळेच मी अस्वस्थ झालो.

बहिणीच्या बाजूचा युक्तिवाद आपण अधिक नीट मांडला पाहिजे, कारण तो दिसतो त्याहून भक्कम आहे. त्रास होतो म्हणून माणूस काढावा, हा विचार दुबळा आहे. त्रास कोणाचा होत नाही? पण पुनर्बांधणी करणाऱ्या संघात एकोणीस-वीस वर्षांची मुले भरलेली असतात. घराचा नियम कोणता, हे ती भिंतीवरील फलक वाचून शिकत नाहीत. आपल्यांतील सर्वोत्तम माणसाला काय काय चालवून घेतले जाते, हे पाहून शिकतात. जी शिवी दिल्याबद्दल बाकावरील बाराव्या खेळाडूचे सामान त्याच रात्री दाराबाहेर ठेवले गेले असते, तीच शिवी पहिल्याने दिली तर दुसऱ्या दिवशी सारे पूर्ववत. म्हणजे गुण हे नियमातून सूट विकत घेण्याचे नाणे ठरले. यात सर्वाधिक अन्याय होतो तो कमी गुणांच्या, मुकाट्याने राबणाऱ्या माणसावर. आपल्या मंडळ्यांतही हे आपण पाहिलेले आहे. ज्याचा आवाज गोड, त्याचे उशिरा येणे गायनवृंदात कोणाला दिसत नाही. शिवाय आकडेही बहिणीच्या बाजूने उभे राहतात: कझिन्सच्या पूर्ण सहा हंगामांत या संघाने 82 पैकी 33 हून अधिक सामने कधीही जिंकले नाहीत. त्याला ठेवून काही उभे राहत होते, असे म्हणता येणार नाही.

परंतु आता त्या घराकडे पाहा. कझिन्स आला तेव्हा पॉल वेस्टफल प्रशिक्षक होते. जानेवारी 2012 मध्ये त्यांनी कझिन्सला एका सामन्यापूर्वी घरी पाठविले आणि चारच दिवसांत स्वतः वेस्टफल यांना काढून टाकण्यात आले. तरुण मुलाने यातून काय शिकावे? त्यानंतर कीथ स्मार्ट. त्यानंतर मायकल मलोन. त्यानंतर टायरोन कॉर्बिन, मग जॉर्ज कार्ल, मग डेव्ह जेगर. सात वर्षेही पूर्ण नाहीत आणि सहा प्रशिक्षक. मध्यंतरी जुन्या मालकांनी संघ दुसऱ्या शहरास नेण्याची सिद्धता केली होती. ते टळले आणि 2013 साली मुंबईत जन्मलेले उद्योजक विवेक रणदिवे यांच्या नेतृत्वाखालील गटाने संघ विकत घेतला. आपल्याकडील अनेकांना या संघाचे नाव ठाऊक झाले ते त्यांच्यामुळेच, आणि 2019 च्या ऑक्टोबरात वरळीला झालेल्या, भारतातील पहिल्या एन. बी. ए. सामन्यांत हाच संघ खेळला. मालक बदलले, पण घराची घडी बसली नाही.

मलोन यांचे प्रकरण तर मनाला लागणारे आहे. कझिन्सला ते मानवले होते. 2014 च्या हंगामाचा आरंभ बरा झाला. मग कझिन्सला विषाणूजन्य मेंदूज्वर झाला, तो मैदानाबाहेर असताना संघ हरू लागला आणि डिसेंबर 2014 मध्ये मलोन यांना काढले. ज्या एका माणसाचे तो ऐकत असे, तो माणूस त्याच्या आजारपणात नाहीसा झाला. दर पावसाळ्यात उपटून नव्या वाफ्यात लावलेल्या रोपाला मूळ धरत नाही म्हणून दोष द्यावयाचा, हा कसला माळी?

मग निर्णय कोणता बरोबर? हे लिहिताना मी बराच काळ थांबलो. माझे मत असे झाले आहे, की त्याला जाऊ देणे चुकीचे नव्हते. परंतु त्यासाठी दिलेले कारण चुकीचे होते, आणि नीतीच्या दृष्टीने हा भेद किरकोळ नाही. निर्णयानंतर दिवाच यांनी जे निवेदन केले, त्याचा आशय असा होता की विजयाचा पाया संघाच्या संस्कृतीत असतो आणि माणसाचे 'कॅरेक्टर' महत्त्वाचे असते. आमच्याकडील एका वृत्तपत्राने याचा अनुवाद 'चारित्र्य' असा केल्याचे मी पाहिले आणि कपाळाला हात लावला. मराठीत कोणाच्या चारित्र्याविषयी असे सूचक बोलणे म्हणजे त्याच्या अब्रूला हात घालणे. 'स्वभाव' किंवा 'वृत्ती' म्हटले असते तर मूळाच्या जवळ गेले असते. पण नंतर विचार करताना वाटले, की त्या भाषांतरकाराकडून चुकून का होईना, खरे तेच बाहेर पडले. दाराबाहेर जाणाऱ्या माणसाच्या पाठीवर हे वाक्य चिकटविणे म्हणजे सात वर्षांच्या अव्यवस्थेचे सारे ओझे एका सव्वीस वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर देऊन त्याला वेशीबाहेर काढणेच होते.

'हा माणूस वाईट आहे का' या प्रश्नाला उत्तर नाही; आपल्यापैकी कोणाच्याही बाबतीत नाही. 'हे घर या माणसाला सांभाळण्यास समर्थ आहे का' या प्रश्नाला मात्र उत्तर देता येते. किंग्ज समर्थ नव्हते. त्यांनी तसे म्हणावयास हवे होते: आमच्याकडे तुला स्थिर हात मिळाला नाही, यापुढे मिळेल असे वचन आम्ही देऊ शकत नाही, आणि तुझी उमेदीची वर्षे थोडी आहेत, तेव्हा तू जा. असे बोलण्यात संघाचा मान गेला असता, माणसाचा राहिला असता. व्यापारात असे कोणी बोलत नाही, असे आपण म्हणाल. खरे आहे. पण मग 'कॅरेक्टर' हा शब्द तरी व्यापारात कशाला आणावयाचा?

येथे या खेळाच्या जन्माची कथा सांगण्याचा मोह आवरत नाही, कारण ती आपल्या घरची आहे. बास्केटबॉल शोधून काढणारे जेम्स नेस्मिथ हे कॅनडातील माँट्रियल येथे ईश्वरविज्ञान शिकलेले गृहस्थ. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथील वाय. एम. सी. ए. च्या प्रशिक्षणशाळेत ते शिक्षक होते. 1891 च्या हिवाळ्यात त्यांच्या गळ्यात 18 विद्यार्थ्यांचा एक वर्ग पडला. तो वर्ग इतका अनावर होता की आधीच्या दोन शिक्षकांनी हात टेकले होते. प्रमुख ल्यूथर ग्यूलिक यांनी नेस्मिथ यांना चौदा दिवसांची मुदत दिली: या पोरांना रमवील असा काही खेळ काढा. वर्ग मोडून टाकावा, ही वाट त्यांना मोकळी नव्हती. त्यांनी पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या आणि मुलांच्या हाती चेंडू दिला. पहिल्या खेळात मारामारी झाली, डोळे सुजले, एकाचा खांदा निखळला. तरी टोपल्या उतरविल्या गेल्या नाहीत. नियम बसविले गेले. म्हणजे हा खेळच मुळी अवघड मुलांसाठी जन्मला.

त्यांच्या मूळ तेरा नियमांत एक नियम मला विशेष विचार करण्याजोगा वाटतो. दुसऱ्यांदा धसमुसळेपणा करणाऱ्याला बाहेर बसावे लागे, पण कोठवर? पुढचा गोल होईपर्यंत. इजा करण्याचाच हेतू उघड दिसला, तर मात्र पूर्ण सामना बाहेर, आणि त्याच्या जागी बदली खेळाडूही मिळत नसे. त्या माणसाच्या अपराधाची झळ संघालाही सोसावी लागे. बाहेर काढणे होते, पण त्याला मुदत होती, आणि काढणाऱ्यांनाही किंमत मोजावी लागत होती. आजच्या 'ट्रेड'मध्ये मुदत नाही, आणि किंमत मोजण्याऐवजी मोबदला मिळतो.

प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात अशीच एक फाटाफूट आहे. योहान मार्क पंफुल्यात साथ सोडून परतला होता. पुढल्या प्रवासास त्याला पुन्हा न्यावे असे बर्णबाचे म्हणणे, नेऊ नये असे पौलाचे. त्या दोघांत जे झाले त्यासाठी लूक जो ग्रीक शब्द वापरतो, तो 'पॅरॉक्सिस्मॉस'. वैद्यकात तापाच्या झटक्याला हा शब्द लागतो. 'वाद' म्हटले तर सौम्य होते, 'भांडण' म्हटले तर हलके. मी एकदा 'खटका' लिहून खोडला आहे. गंमत अशी, की इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात एकमेकांना प्रीतीसाठी चेतविण्याविषयी जो शब्द येतो, तोही हाच. असो. मला लक्ष वेधावयाचे आहे ते लूकच्या मौनाकडे. पौल बरोबर होता की बर्णबा, हे तो सांगत नाही. मार्कच्या स्वभावाविषयी एक शब्दही लिहीत नाही. त्याने काय केले तेवढेच सांगतो. आणि पौलाने सीलाला घेऊन वाट धरली, तेव्हा मार्क रस्त्यावर पडलेला नव्हता. बर्णबा त्याला घेऊन कुप्रास गेला. पुढे वृद्ध पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, त्याच मार्कला घेऊन ये, तो सेवेसाठी उपयोगी आहे, अशा अर्थाचे शब्द येतात. त्यावरून पौलाचा आधीचा निर्णय चुकला होता असे काही भाष्यकार म्हणतात. मला तसे वाटत नाही. त्या प्रवासाला तो माणूस न नेणे योग्य असू शकते आणि दहा वर्षांनी तोच माणूस हवा असणेही योग्य असू शकते. मध्ये कोणी बर्णबा होता का, एवढाच प्रश्न.

पुढे काय झाले हे आपण विचाराल. 26 जानेवारी 2018 रोजी, न्यू ऑर्लीन्सकडून आपला सर्वोत्तम हंगाम खेळत असताना, कझिन्सच्या डाव्या टाचेची शीर तुटली. ती बरी होऊन तो गोल्डन स्टेट संघाकडून, पूर्वीच्या मानाने अगदी थोडक्या मोलात, उतरला, तर 2019 च्या एप्रिलमध्ये मांडीचा स्नायू फाटला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याचा अस्थिबंध. तो पूर्वीचा खेळाडू पुन्हा कधीच झाला नाही. तेव्हा किंग्जच्या बाजूचे लोक म्हणू लागले, बघा, आम्ही वेळीच सोडले. या बोलण्याची मला किळस येते. टाचेची शीर स्वभावामुळे तुटत नाही. एखाद्याच्या देहावर आलेले अरिष्ट आपल्या निर्णयाचे प्रमाणपत्र म्हणून वापरणे, हे ईयोबाच्या मित्रांचे काम आहे.

दुसरीकडे, किंग्जचेही भले झाले, पण सावकाश, आणि बहुधा दुसऱ्याच कारणांनी. कझिन्सला सोडल्यानंतरच्या पूर्ण हंगामात संघाने 27 सामने जिंकले. 2018 च्या निवडीत दुसरा क्रमांक हाती असताना त्यांनी मार्विन बॅगलीला घेतले; लुका डॉन्चिच तिसऱ्या क्रमांकाला दुसरीकडे गेला, आणि आज त्या निवडीची आठवण काढली की भाचा फोन ठेवून देतो. 2020 मध्ये दिवाच यांनी पद सोडले. प्रशिक्षक पूर्वीप्रमाणेच येत-जात राहिले: जेगर गेले, ल्यूक वॉल्टन आले, गेले, ॲल्विन जेंट्री आले, गेले. तापदायक म्हटलेला माणूस जाऊन चार-पाच वर्षे झाली तरी घरातील ताप उतरलेला नव्हता. 2022 च्या फेब्रुवारीत बडी हील्ड आणि टायरीस हॅलिबर्टन यांना इंडियाना संघास देऊन डोमांटास साबोनिसला आणले गेले, माइक ब्राउन प्रशिक्षक झाले आणि 2023 मध्ये 48 विजयांनिशी वनवास संपला. भाच्याने त्या रात्री रडत फोन केला. आणि डिसेंबर 2024 मध्ये ब्राउन यांनाही काढून टाकण्यात आले.

या साऱ्यातून निर्णय बरोबर होता की चूक, हे सिद्ध होत नाही. माणसाला सोडताना आपण काय जाणत होतो आणि त्याच्याशी किती खरे बोललो, एवढ्यावरच तो तोलला पाहिजे.

एवढे आवर्जून लिहिण्याचे कारण मी आपल्यापासून लपवू इच्छीत नाही. काही वर्षांपूर्वी मी एका भाषांतर समितीवर होतो. आमच्यांत एक सहकारी होता. इब्री भाषेची त्याची जाण आम्हा सर्वांच्या बेरजेहून अधिक. काव्यग्रंथांतील ज्या ओळींपुढे आम्ही दोन-दोन दिवस अडून बसत असू, त्या तो सहज उलगडून दाखवी. आणि तोच बैठकीत कागद भिरकावी, तरुण भाषांतरकर्त्यांना त्यांच्या मसुद्यांवरून सर्वांदेखत टाकून बोले. एक मुलगी त्यामुळे काम सोडून गेली. दोन वर्षांत आमचे अध्यक्ष तीनदा बदलले आणि प्रत्येक नव्या अध्यक्षाने त्याच्याशी बोलण्याचे काम पुढच्यावर सोपविले. शेवटी त्याला निरोप देण्याचा ठराव झाला. मी ठरावाच्या बाजूने हात वर केला, आणि ती मुलगी आठवली की आजही करीन. परंतु त्याला पाठवावयाच्या पत्राचा मसुदा माझ्याकडे होता. अध्यक्ष कसे बदलत गेले, त्याच्याशी कोणी कधी नीट बसून कसे बोलले नाही, यातले मी काहीच लिहिले नाही. मी लिहिले, की त्याची वृत्ती सामूहिक कार्यास अनुकूल नाही. शब्द नेमका निवडला होता. कोणी त्यात एक काना-मात्राही बदलला नाही.

कझिन्सच्या बाबतीत एक गोष्ट सांगावयाची राहिली. सॅक्रामेंटोतून काढलेले मायकल मलोन पुढे डेन्व्हर संघाचे प्रशिक्षक झाले. 2022 च्या जानेवारीत, जवळजवळ कोणत्याच संघाला कझिन्स नको असताना, त्यांच्या संघाने त्याला घेतले. मुख्य खेळाडू विश्रांतीस बसला की त्याच्या जागी काही मिनिटे खेळावयाचे, एवढेच काम. तो एकाएकी सौम्य झाला होता असे कोणी म्हणणार नाही. 31 सामने तो त्या हंगामात त्या संघाकडून खेळला.

आमचे भाषांतर यथावकाश छापून निघाले. प्रस्तावनेत सर्व सहकाऱ्यांची नावे आहेत, टंकलेखकाचेही आहे, त्याचे नाही. काव्यग्रंथांतील निदान चाळीस ठिकाणी शब्द त्याचे आहेत, हे मला ठाऊक आहे, कारण ते हस्ताक्षर मी ओळखतो. नव्या आवृत्तीचा विचार चालू आहे. त्याचे नाव घालावे आणि त्याला तसे पत्र लिहावे, असा विषय मी बैठकीपुढे ठेवला आहे. पत्राचा मसुदा पुन्हा माझ्याकडेच आला आहे. बैठक येत्या जूनमध्ये आहे आणि पहिल्या वाक्याच्या पुढे मी अजून गेलेलो नाही.